पायवाटेचा रस्ता होऊ नये म्हणून

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जुलैचा दुसरा-तिसरा आठवडा असेल. रात्रभर पाऊस कोसळून पहाटे उघडीप झाली होती आणि मी नेहमीप्रमाणे वेताळ टेकडीवरून लॉ कॉलेजच्या बाजूला उतरत होतो. दगडाच्या जुन्या खाणीच्या थोडे अलीकडे एक आखूड, उभ्या उताराची वाट आहे. मोठ्या वळणाने जाण्यापेक्षा तिने सात-एक मिनिटे वाचतात, म्हणून आम्ही नेहमीचे लोक तिनेच उतरतो. निम्म्यावर आलो असेन, तोच मागून हाक आली, "काका, बाजूला!" मी बाजूला झालो खरा, पण तिथे बाजू अशी उरलीच नव्हती. वाटेच्या कडेला पाण्याने खरवडलेली गुडघाभर खोल घळ होती. तीत पाय गेला आणि मी बसलो. मागचा सायकलवाला मुलगाही ब्रेक दाबून चार हात पुढे जाऊन चिखलात आडवा झाला. दोघांनाही खरचटण्यापलीकडे काही झाले नाही.

उठता उठता मी त्याला आमच्या पिढीला शोभेलसे व्याख्यान सुरू केले. तुम्ही सायकलवाल्यांनी या टेकडीची वाट लावली, वगैरे. मुलाने ते शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "चूक माझीच आहे काका, मी इथून यायला नको होतं. एरवी आम्ही कुणी येतही नाही इथून, आज कॉलेजला उशीर झाला म्हणून आलो. पण ही घळ सायकलींनी नाही पडलेली. ही चालणाऱ्यांची आहे. तुम्ही किती वर्षं उतरताय इथून?"

मी मनातल्या मनात हिशेब केला. बावीस वर्षे. वर्षाचे दोनशे दिवस धरले तरी चार हजारांवर वेळा मी तिथून उतरलो होतो. आणि मी एकटा नव्हतो.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. पुण्यात 'टेकडीवर जातो' असे नुसते म्हटले तरी पुरते. कोणती टेकडी, हे ज्याने त्याने आपापल्या पेठेवरून, नाहीतर नगरावरून ओळखायचे. त्यांतली सर्वांत उंच ती वेताळ टेकडी, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. माथ्यावर वेताळाचे देऊळ आहे. एका अंगाला लॉ कॉलेज आणि भांडारकर संस्था, दुसऱ्या अंगाला पानशेतच्या १९६१च्या पुरानंतर वसलेले गोखलेनगर, पलीकडे पंचवटी आणि पाषाण, दक्षिणेला कोथरूड. वाहन-संशोधन संस्थेचे आवारही याच डोंगरावर असल्यामुळे कोथरूडकर तिला 'एआरएआय टेकडी' म्हणतात. डोंगर एक आणि नावे चार. ज्याच्या घराकडून जी वाट वर चढते, तिचे नाव तो साऱ्या डोंगराला देतो.

टेकडीवर जाण्याची ही पुणेरी खोड जुनी आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाजाची स्थापना केली, तीही पहाटे तीन सहकाऱ्यांसह फर्ग्युसन कॉलेजमागची टेकडी चढून. आमच्यासारखे लोक तेवढे मोठे काही करायला वर जात नाहीत. मधुमेह, गुडघे, निवृत्तीनंतरचा रिकामा वेळ, सुनेशी झालेली कुरबुर, मुलाची दहावी, अशी आमची कारणे. पण वर पोचले की त्या कारणांचा विसर पडतो.

विसर पाडण्यासारखे वर आहेही पुष्कळ. हे जंगल म्हणजे कोकणातली किंवा मेळघाटातली घनदाट राई नव्हे. खडकावर वीतभर माती, तिच्यावर गवत आणि त्यात विखुरलेली काटक झाडे. सालई, मोई, पळस, हिवर, मेडशिंगी. उन्हाळ्यात कांडोळाचे पांढरेफटक खोड उन्हात असे चमकते की त्याला भुत्या का म्हणतात, हे सांगावे लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये पान नसलेल्या गणेराच्या फांद्यांवर पिवळी धमक फुले येतात. मेच्या अखेरीस मेडशिंगीचा पांढरा सडा वाटेवर पडलेला असतो आणि त्याच सुमारास चातकाची हाक ऐकू येते. पाठोपाठ नवरंग येतो. तो दिसतो क्वचित, पण झुडपात दडून घातलेली त्याची दुहेरी शीळ एकदा कानांत बसली की दर जूनमध्ये कान तिच्याच वाटेकडे लागतात. मोर इतके की नवख्या पाहुण्याला मोर दाखवल्याचे श्रेयही घेता येत नाही.

मधल्या काळात वनखात्याने इथे गिरिपुष्प लावले. लोक त्याला उंदीरमारी म्हणतात. मूळ मध्य अमेरिकेकडचे हे झाड भराभर वाढते, उजाड डोंगर चटकन हिरवा दिसतो. परंतु त्याच्या दाट गर्दीखाली आपले गवत आणि आपली झुडपे फारशी येत नाहीत. टेकडीवर जुनी माणसे भेटली की या झाडावरून हटकून वाद होतो. 'काहीच नव्हतं त्यापेक्षा बरं' असे एक पक्ष म्हणतो, 'काहीच नव्हतं कसं, गवत होतं की' असे दुसरा. मी दुसऱ्या पक्षाचा.

आता वाटांविषयी. मी टेकडीवर जाऊ लागलो, तेव्हा सकाळी मोळ्या डोक्यावर घेऊन उतरणाऱ्या बायका भेटत आणि दुपारी शेळ्या घेऊन हिंडणारी पोरे. या डोंगरावरच्या जुन्या वाटा त्यांच्या. त्या वाटा नीट पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. त्या सहसा सरळ वर जात नाहीत. डोंगराचा उतार आडवा कापत, तिरकस, हळूहळू चढतात. डोक्यावर ओझे असलेली बाई आणि चरत चालणारे जनावर, दोघांनाही घाई परवडत नाही. सरळ उभ्या वाटा आमच्या आहेत. ज्यांना साडेसातला घरी पोचून आंघोळ करून आठ पाचची बस गाठायची होती, त्यांच्या.

आडव्या आणि उभ्या वाटेतला फरक सोयीचा नाही, पाण्याचा आहे. पावसाचे पाणी उताराने सर्वांत जवळचा मार्ग धरते. आडवी वाट त्याला मध्ये लागली तर ते ती ओलांडून पलीकडच्या गवतात शिरते आणि तिथे मुरते. उभी वाट मात्र त्याच्याच दिशेने चाललेली असते. पाण्याला आयताच पाट मिळतो. पायांनी तुडवून तिथली जमीन दगडासारखी घट्ट झालेली असते, तिच्यात पाणी मुरत नाही आणि बीही रुजत नाही. पहिल्या पावसाळ्यात बोटभर चर पडते, तिसऱ्यात वीतभर. चर पडली की चालणारे लोक तिच्या कडेने चालू लागतात, मग ती कडा घट्ट होते आणि वाट रुंदावते. दहा वर्षांनी माती संपून खालचा मुरूम उघडा पडतो. मुरमावरून पाय घसरतात, म्हणून शेजारी नवी वाट पडते. आमच्या त्या आखूड वाटेला आज अशा तीन जुळ्या बहिणी आहेत. ज्या डोंगरावर मुळात माती वीतभर, तिथे ती वाहून गेली तर पुन्हा तयार व्हायला आपली आणि आपल्या नातवंडांची आयुष्येही पुरणार नाहीत.

जंगलात वाटा आखणाऱ्यांचा याविषयी एक साधा नियम आहे. वाटेचा चढ डोंगराच्या चढाच्या निम्म्याहून अधिक नसावा आणि एकंदरीत तो दहा टक्क्यांच्या आसपास राहावा, म्हणजे दहा पावले चालल्यावर एक पाऊल उंची. वाटेची बाहेरची कड किंचित खाली कललेली असावी, म्हणजे पाणी वाटेवर रेंगाळत नाही. शेळ्या वळणाऱ्या पोरांना हे कुणी शिकवले नव्हते.

त्या मुलाचे म्हणणे पडताळून पाहावे म्हणून मी थोडे वाचलेही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या एका जंगलात दोघा संशोधकांनी सारख्या पट्ट्यांवरून ठरावीक वेळा माणसे चालवून आणि सायकली फिरवून पाहिल्या. त्यांचा निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. जमिनीच्या आणि झाडोऱ्याच्या नुकसानीत दोघांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. अर्थात सायकलवाल्यांनी यावर फार खूश होऊ नये. ओल्या मातीत चाक अखंड रेघ ओढते आणि त्या रेघेतून पाणी धावते. घसरत ब्रेक लावला की माती सोलूनच निघते. भर पावसात टेकडीवर सायकल घालणे हा खेळ नसून नांगरणी आहे, हे मी त्या मुलाला तेव्हाही सांगितले. त्याने मान्य केले. धावणाऱ्यांचेही एक आहे. चिखल टाळण्यासाठी ते वाटेच्या कडेच्या गवतावरून धावतात आणि वाट रुंद करतात. बूट धुता येतात. डबक्यातून सरळ जावे, हेच खरे.

कोण कुणाला वाट देणार, यावरून टेकडीवर रोज खटके उडतात. इंग्लंडने हा प्रश्न १९६८ सालीच कायद्याने सोडवला. घोडेस्वारांसाठी राखलेल्या जंगलवाटांवर सायकलींना परवानगी दिली, पण अट घातली की सायकलस्वाराने पायी चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी वाट द्यायची. इतका साधा नियम आपल्याकडे पाटीवर लिहून लावायला काय हरकत आहे? त्याखाली चालणाऱ्यांसाठीही एक ओळ असावी. चौघाचौघांनी हातात हात घालून वाट अडवत, मोबाइलवर भजने लावून चालू नये. आणि कुत्री मोकळी सोडू नयेत. टिटवी, तित्तर, रातवा हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. 'आमचा काही करत नाही हो' असे म्हणणाऱ्या मालकांना हे कळत नसेल असे नाही.

इंग्लंडचा विषय निघालाच आहे, तर तिथे पाहिलेली एक गोष्ट सांगतो. माझी मुलगी मँचेस्टरजवळ राहते. काही वर्षांपूर्वी आम्ही तिच्याकडे गेलो, तेव्हा ती आम्हांला जवळच्या डोंगराळ भागात फिरायला घेऊन गेली. तिथे किंडर स्काउट नावाचे पठार आहे. पूर्वी ते जमीनदारांच्या शिकारीसाठी बंद होते. मँचेस्टर आणि आसपासच्या गिरण्या-कारखान्यांतल्या तरुण कामगारांना रविवारी मोकळ्या हवेत चालायचे असे, पण रखवालदार अडवीत. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो जण बंदी मोडून त्या पठारावर चढले. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि पायवाटांच्या हक्कांचा कायदा झाला आणि बरोबर ३३ वर्षांनी, २४ एप्रिल १९६५ला, त्या भागातून जाणारी पेनाइन वे ही सुमारे ४३० किलोमीटरची पायवाट लोकांसाठी खुली झाली. चालण्याच्या हक्कासाठी माणसे तुरुंगात गेली, हे ऐकून मला भरून आले होते.

पण गोष्ट इथे संपत नाही. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत त्या वाटेवर इतकी माणसे चालली की काळी, स्पंजासारखी पाणथळ माती तुडवली जाऊन वाटेचा रुंद चिखलपट्टा झाला. लोक चिखल टाळायला बाजूने चालत आणि पट्टा आणखी फुगत जाई. शेवटी त्या पठारांवर दगडी फरशा घालाव्या लागल्या. फरशा कुठल्या, तर पाडलेल्या जुन्या कापडगिरण्यांतल्या. त्या हेलिकॉप्टरने वर नेल्या. काहींवर यंत्रे बसवण्यासाठी पाडलेली भोके अजून दिसतात. आजोबांनी ज्या फरशीवर उभे राहून माग चालवला, तिच्यावरून नातू रविवारी फिरायला जातो! मला ती फरशांची एकेरी रांग आवडली. तिच्या दोन्ही बाजूंना पुन्हा गवत उगवले होते. ज्यांनी हक्क मिळवला, त्यांच्याच पायांनी जमीन झिजवली, आणि हे त्यांनी कबूल केले, म्हणून उपाय निघाला.

आमच्या टेकडीचाही एक लढा आहे. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीच्या कुशीतून सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता काढण्याचा महापालिकेचा प्रस्ताव वर्षानुवर्षांचा. त्याच्या जोडीला टेकडीखालून बोगदे काढण्याची योजनाही पुढे आली. २०२३च्या एप्रिलमध्ये या सगळ्याविरुद्ध मोठा मोर्चा निघाला. भर उन्हाळ्याचे दिवस. आजोबा-आजी, कडेवर मुले घेतलेल्या आया, धावण्याच्या बुटांतली पोरे, सायकलवाले, पक्षीवाले, सगळे आले होते. मीही होतो. आयुष्यात मोर्चाला जाण्याची माझी ती दुसरी वेळ.

रस्ता हवा म्हणणाऱ्यांना खलनायक ठरवणे मला जमत नाही. लॉ कॉलेज रस्त्यावर संध्याकाळी सहाला अडकलेली रुग्णवाहिका मी पाहिली आहे. कोथरूडहून शिवाजीनगरला रोज दुचाकीवर धूर खात जाणाऱ्या बाईला टेकडीवरच्या नवरंगाचे कौतुक किती सांगणार? तरीही मी विरोधातच आहे. रस्ता रुंद केला की काही वर्षांत तो पुन्हा भरतो, हे आपण या शहरात उड्डाणपूल बांधून आणि पाडूनही पाहिले आहे. डोंगर एकदा कापला की जोडता येत नाही. तिथे मुरणारे पाणी खालच्या विहिरींना आणि झऱ्यांना मिळते, ते डांबरावरून थेट गटारात जाईल. त्या बाईला वेळेवर येणारी बस हवी आहे. ती देणे रस्त्यापेक्षा स्वस्त आहे, फक्त तिचे उद्‌घाटन तितके थाटात होत नाही.

परंतु त्या मोर्चात घोषणा देताना जे माझ्या मनात आले नव्हते, ते घळीत बसल्यावर आले. टेकडीवरून दोन किलोमीटरचा रस्ता नको म्हणणारे आम्ही, आमच्या पायांनी तिच्यावर असे किती किलोमीटर पाडले आहेत? महापालिकेला विचारायला आमच्याकडे नकाशे असतात, माहितीच्या अधिकाराचे अर्ज असतात. स्वतःच्या जोडवाटा कुणी मोजल्या आहेत? उद्या एखादा अभियंता वर येऊन म्हणाला, 'बघा, इथे निम्मा डोंगर तुम्हीच उघडा केलाय, आम्ही थोडा केला तर काय बिघडलं?' तर त्याला काय उत्तर द्यायचे?

यावर लगेच सुचवला जाणारा उपाय मला त्या घळीहून भयंकर वाटतो. 'सुशोभीकरण.' म्हणजे सिमेंटचे ब्लॉक, रेलिंग, दिव्यांचे खांब, कारंजे आणि नगरसेवकाच्या नावाची कमान. एखादी वाट पायऱ्यांची, आधाराच्या कठड्याची असावी, हे मला मान्य आहे. काठी टेकत येणाऱ्या आजींनाही टेकडी हवी. पण एक. बाकीच्यांना दगड, माती आणि अक्कल पुरते. उभ्या चोरवाटा बंद कराव्यात, आडव्या जुन्या वाटा राखाव्यात. जिथे पाणी वाटेत शिरते, तिथे तिरके दगड रोवून ते बाजूच्या गवतात काढून द्यावे. पावसाळ्यात सायकलींनी खाणीकडच्या रुंद, खडकाळ वाटेवरच राहावे. वनखात्याने चार ठिकाणी खुणेचे दगड लावावेत. याला निविदा काढावी लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच ते होत नाही.

तो मुलगा आता माझ्या ओळखीचा झाला आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पावसाळा संपल्यावर त्याने त्याचे चार मित्र आणले, मी आमच्या कट्ट्यावरचे तिघे ज्येष्ठ नागरिक नेले. वनरक्षकांना विचारून आम्ही आमच्या त्या आखूड वाटेच्या तोंडाशी बाभळीच्या वाळक्या फांद्या टाकल्या आणि घळीत खालपासून वरपर्यंत हाताने उचलता येतील तेवढे दगड आडवे रचले, म्हणजे वाहून येणारी माती त्यांच्यामागे थांबेल. तीन तास लागले. कमरेने दोन दिवस दाद दिली नाही. एक परिचित गृहस्थ तिथे थबकले आणि म्हणाले, "अहो, ही वाट बंद केली तर आम्ही जायचं कुठून?" मी त्यांना मोठ्या वळणाची वाट दाखवली. ते नाराजीने गेले. मीही बावीस वर्षे त्यांच्यासारखाच होतो, त्यामुळे रागावता आले नाही.

पुढच्या रविवारी गेलो, तर काट्यांना वळसा घालून शेजारून नवी वाट पडायला लागली होती. गवत नुसतेच निजले होते, अजून मेले नव्हते. मुलगा म्हणाला, "काका, काटे पुरले नाहीत." आम्ही आणखी फांद्या आणल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही आणल्या. आता तिथून जाणारे कमी झालेत. रचलेल्या दगडांमागे बोट-दोन बोटे माती साठली आहे आणि एका ठिकाणी गवताची चार पाती आली आहेत. कुठले गवत, ते फुलल्याशिवाय कळायचे नाही.

मोठ्या वळणाने उतरायला मला सात मिनिटे जास्त लागतात. हल्ली घरी चहा थोडा उशिरा होतो.